वीस टक्क्यांतले आप्पा

शिरूरच्या एसटी स्टँडच्या आसपास, खाली बी-बियाण्यांचं दुकान आणि वर दोन खोल्या अशी एखादी इमारत दिसली, आणि जिन्याच्या तोंडाशी दोन-दोन नोंदणी क्रमांक लिहिलेली निळी पाटी असली, तर खुशाल वर जावं. वर एखाद्या स्वयंसेवी संस्थेचं मुख्यालय असतं. मुख्यालयात संस्थापक ताई नसतात, त्या दिल्लीला परिषदेला गेलेल्या असतात. कार्यक्रम समन्वयक नसतो, तो फील्डवर असतो. अकाउंटंट मुलगी असायला हवी, पण ती व्हाउचरच्या फायली घेऊन पुण्याला सीएंकडे गेलेली असते. मग जो माणूस तिथे असतो, तो आप्पा.

आप्पा हे कुणा एकाचं नाव नव्हे. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे काका, दौंडकडे मामा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत काम करणाऱ्या ज्या संस्था मी आतून-बाहेरून पाहिल्या, त्या प्रत्येकीत हे गृहस्थ मला भेटले आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी मला आधी रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं आहे. नाव, गाव, कुणाला भेटायचं, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही.

"अहो आप्पा, मी तुम्हालाच भेटायला आलोय. तुम्ही समोरच बसलाय."

"बसलोय ना? मग लिहा तसं. आप्पांना भेटायला."

अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. निळं लिहायला, लाल खोडायला. हिरवी शाई ऑडिटरची, म्हणून तिला आप्पा हात लावत नाहीत. टेबलाच्या उजव्या खणात संस्थेचा गोल शिक्का, 'करिता' असं लिहिलेला आडवा शिक्का, आणि विमा कंपनीच्या जुन्या प्लॅस्टिकच्या पाकिटात रेव्हेन्यू तिकिटं. पाच हजारांच्या वर पैसे घेणाऱ्याने एक रुपयाच्या तिकिटावर सही करायची. ती सही अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर पडली पाहिजे. पूर्ण तिकिटावर पडली तर आप्पा कागद परत देतात. पूर्ण कागदावर पडली तर कागदासोबत एक उसासाही देतात.

आप्पांचं पद मात्र विचारू नये. संस्थेच्या सहीच्या पत्रावर ते 'कार्यालय अधीक्षक' आहेत. पाणलोटाच्या प्रस्तावात 'प्रशासन सहायक', बालवाड्यांच्या प्रस्तावात 'पोषण आहार साठा नियंत्रक', बचत गटांच्या प्रस्तावात 'क्षमताबांधणी समन्वयक', आणि रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या सीएसआरमध्ये नुसतेच 'इतर'. माणूस एकच. सकाळी डबा घेऊन येतो, संध्याकाळी रिकामा घेऊन जातो.

याचं कारण असं की आप्पांचा पगार द्यायला कुणीच तयार नसतं. देणगीदाराला तलाव हवा असतो, बालवाडी हवी असते, शिलाई मशीन मिळालेल्या बाईचा फोटो हवा असतो. त्या बाईचा अर्ज कुणी नोंदवला, मशीनची तीन कोटेशनं कुणी मागवली, जीएसटीच्या बिलावर संस्थेचं नाव चुकलं ते बदलून कुणी आणलं, याचा फोटो निघत नाही. सीएसआरचे साहेब रांजणगावहून येतात आणि म्हणतात, "आमचा पैसा थेट लाभार्थ्यापर्यंत पोहोचला पाहिजे." आप्पा नम्रपणे सांगतात, "थेटच पोहोचतो साहेब. फक्त चेक लिहायला, सह्या घ्यायला आणि बँकेत भरायला कुणाला तरी जावं लागतं."

मग ताईंनी तोड काढली. आप्पांचा पगार वाटून टाकला. पाणलोटातून १५ टक्के, बालवाड्यांतून २०, बचत गटांतून २५, कंपनीकडून १०, आणि उरलेले ३० टक्के 'सर्वसाधारण निधी'तून. सर्वसाधारण निधीत सर्वसाधारणपणे निधी नसतो. थोडक्यात, आप्पा सत्तर टक्के नोकरदार आणि तीस टक्के समाजसेवक आहेत. कोणता भाग कोणत्या वेळी चालू आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं.

दुसरा कुणी असता तर महिनाअखेरीला टाइमशीटवर अंदाजे आकडे टाकून मोकळा झाला असता. आप्पांना खोटं लिहिता येत नाही. त्यांनी दिवसच वाटून घेतला आहे. सकाळी पाणलोट, मग बालवाडी, जेवणानंतर बचत गट. बालवाडीच्या वेळेत पाणलोटाचा फोन आला तर 'नंतर करा' म्हणतात. एकदा एक शेतकरी शेततळ्याचा कागद घेऊन सव्वाबाराला आला, तर आप्पांनी त्याला बाकावर बसवून पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "तुमच्या घरात बालवाडीच्या वयाचं कुणी आहे का? असलं तर आत्ताच बोलता येईल."

आणि २०२० साली कायदा बदलला. परदेशी देणगीतून प्रशासनावर निम्म्यापर्यंत खर्च चालत होता, तो २० टक्क्यांवर आला. ऑफिसचं भाडं त्यात, वीजबिल त्यात, हिशेबनीस त्यात, आप्पा त्यात. शाळेच्या संस्थेचा शिक्षक, दवाखान्याच्या संस्थेचा डॉक्टर यांचे पगार प्रशासनात धरत नाहीत, कारण ते प्रत्यक्ष काम करतात. आप्पा काय करतात, याचं उत्तर कायद्याने देऊन टाकलं. त्या आठवड्यात ते जरा गप्प होते. मग त्यांनी ऑफिसमधला एक पंखा बंद केला आणि रजिस्टरमध्ये नोंद केली.

त्याच कायद्याबरोबर असंही ठरलं की देशातल्या प्रत्येक संस्थेने परदेशी देणगीचं खातं एकाच शाखेत उघडायचं. स्टेट बँक, नवी दिल्ली मुख्य शाखा, ११ संसद मार्ग. आप्पा तोवर मनमाडच्या पुढे गेले नव्हते आणि तेव्हाही गेले नाहीत. कागद इथूनच पाठवले. विश्वस्तांच्या सह्या, आधार, पॅन, ठरावाची प्रत, पुन्हा सह्या, कारण एका विश्वस्तांची सही आता वयामुळे आपल्याच जुन्या सहीशी जुळत नव्हती. खातं उघडलं तेव्हापासून लग्नाकार्यात कुणी "काय चाललंय हल्ली?" विचारलं की आप्पा एवढंच म्हणतात, "संसदेच्या रस्त्यावर आपलं खातं आहे." लोक पुढे काही विचारत नाहीत.

'क्षमताबांधणी समन्वयक' हे पद कागदावर दिसायला लागलं तेव्हा आप्पांना झोप लागेना. पंचवीस टक्के पगार घ्यायचा आणि क्षमता बांधायची नाही, हे त्यांच्याच्याने होईना. शेवटी ते ताईंकडे गेले आणि म्हणाले, "मला महिन्यातून एकदा तरी खरोखर काहीतरी शिकवू द्या." ताईंनी विषय विचारला. आप्पा म्हणाले, "नोंदवही कशी लिहावी."

यवत, वरवंड, राहू या भागातल्या गटांच्या बायका पहिल्या दिवशी समोर बसल्या आणि आप्पांनी रोजकीर्द, खतावणी, सभेचं इतिवृत्त असं सुरू केलं. चूक झाली तर खाडाखोड नको, एक आडवी रेघ आणि शेजारी सही. शिल्लक मोजून लिहायची, आठवून लिहायची नाही. व्हाउचरशिवाय पैसा गेला तर तो गेला. बायकांना हे सगळं इतकं आवडलं की संस्थेच्या बाकीच्या, पाहुणे बोलावून केलेल्या, पडद्यावर चित्रं दाखवलेल्या प्रशिक्षणांची कुणी आठवणही काढत नाही. पुढच्या महिन्यात एका गटाची सचिव वही घेऊन उभी राहिली.

"आप्पा, मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हाचा चहा आमच्या गटाच्या खर्चात पडलाय. चहा तुमच्या प्रशिक्षणाचा, खर्च तुमच्या बजेटचा. व्हाउचर करून आणलंय."

चौऱ्याऐंशी रुपयांचं व्हाउचर. वर रेव्हेन्यू तिकीट चिकटवलेलं. आप्पा म्हणाले, "बाई, पाच हजारांच्या आत तिकीट लागत नाही." बाई म्हणाली, "असू द्या की. उद्या कुणी विचारलं तर?"

मुख्यालयात परत आल्यावर आप्पांनी ते व्हाउचर सगळ्यांना दाखवलं. कुणी पुरस्कार दाखवत नाही इतक्या कौतुकाने.

आता दौऱ्याची बिलं. इथे आप्पा आणि कार्यकर्ते यांचं जे चालतं, त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडण संपतं. शिरूरला रेल्वे नाही, दौंडला रेल्वेशिवाय काही नाही, असं शिरूरचे लोक म्हणतात. संस्थेचं मुख्यालय इथे आणि शाखा तिथे, मध्ये भीमा. कार्यकर्ते मोटारसायकलवर जातात-येतात आणि किलोमीटरचे पैसे मागतात. न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंडला जावं हा आप्पांचा मान्यताप्राप्त रस्ता. पण पोरं कधी काष्टीवरून जातात. शिरूरचा घोड नदीवरचा पूल ओलांडला की श्रीगोंदा तालुका, म्हणजे जिल्हा बदलला. आणि जिल्ह्याबाहेरच्या दौऱ्याला पूर्वपरवानगी लागते. निघालास शिरूरहून, पोहोचलास दौंडला, दोन्ही पुणे जिल्ह्यातच, पण मधल्या मध्ये तू परजिल्ह्यात होतास आणि ते कुणालाच माहीत नव्हतं, याचं आप्पांना मनापासून वाईट वाटतं.

एकदा एका पोराच्या बिलात एकाच दिवशी दोनदा मलठण आलं. सकाळी मलठण, दुपारी मलठण, मध्ये भलेमोठे किलोमीटर. आप्पांनी लाल पेन काढलं. पोरगं म्हणालं, "आप्पा, सकाळचं मलठण शिरूर तालुक्यातलं, दुपारचं दौंडमधलं." आप्पांनी तालुक्याचा नकाशा भिंतीवरून उतरवला, भिंग घेतलं, दोन्ही मलठण शोधली आणि बिल मंजूर केलं. पण त्या दिवसापासून बिलाच्या नमुन्यात 'तालुका' असा नवा रकाना आला. केडगाव लिहिलं तरी विचारतात, दौंडचं की नगरचं.

चौफुल्याचं दुखणं निराळं. रस्त्यावरचं सगळ्यात सोयीचं ठिकाण, गाडी थांबते, चहा चांगला मिळतो. पण चौफुल्याची ख्याती तिथल्या कला केंद्रांमुळे, लावणीमुळे, महाराष्ट्रभर पसरलेली. बिलावर 'चौफुला, रात्री साडेनऊ, अल्पोपाहार' असं आलं की आप्पा ते बाजूला ठेवतात. पोरगं शपथा घेतं. आप्पा म्हणतात, "माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे रे. पण ऑडिटर पुण्याचे आहेत." मग दोघं बसून तोडगा काढतात आणि पुढच्या खेपेपासून पोरगं चहा पाटसला पितं.

पावतीचं तर विचारूच नका. "आवं आप्पा, टपरीवाला कुठं पावती देतो व्हय?" यावर आप्पांनी स्वतःच पावतीचा एक नमुना छापून घेतला आहे, 'चहा मिळाल्याबद्दल पैसे मिळाले' अशा अर्थाचा, खाली टपरीवाल्याची सही आणि मोबाइल नंबर. न्हावऱ्याचा एक टपरीवाला आता संस्थेची गाडी दिसली की आधी पेन शोधतो.

संस्थेला मनुष्यबळ धोरण हवं, अशी अट एका देणगीदाराने घातली तेव्हा ते लिहायला वेळ नव्हता. ताईंनी दिल्लीतल्या एका ओळखीच्या संस्थेचं धोरण मागवलं, आप्पांनी नाव बदललं, विश्वस्तांनी ठराव केला. त्यामुळे शिरूरच्या या संस्थेत, दाट धुक्यामुळे कर्मचाऱ्याला कार्यालयात पोहोचायला उशीर झाला तर तो उशीर धरू नये, असं कलम आहे. शिरूरला दिल्लीचं धुकं यायला अजून वेळ आहे. पण कवठे येमाई, जांबूत, पिंपरखेड या बाजूला उसात बिबट्या आहे, आणि तो कायमचा आहे. तिकडे माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. रात्रीच्या थ्री फेजला पाणी धरायला जाणारा माणूस घरी येईपर्यंत बाई उंबऱ्यात उभी असते. अशा गावांतल्या संध्याकाळच्या बैठका संस्थेने बंद केल्या आणि सकाळी उजाडल्याशिवाय कार्यकर्तीने घर सोडायचं नाही असं ठरलं. पण दहाच्या मस्टरचं काय? धोरणात बिबट्या नव्हता. धोरण बदलायचं तर विश्वस्तांची सभा, सभेला पंधरा दिवसांची नोटीस, गणसंख्या. आप्पांनी रात्रभर धोरण वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मस्टरमध्ये त्या कार्यकर्तीच्या नावापुढे लिहिलं, 'उशीर क्षम्य, कारण धुके (बिबट्या)'. ऑडिटरने ते वाचलं, आप्पांकडे पाहिलं, आणि हिरव्या शाईने खूण केली.

आप्पांकडे आलेल्या फाइलीचं कसं होतं हे दौंडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मनमाडकडून पुण्याला निघालेली गाडी दौंडला येते, थांबते, इंजिन सुटून मागच्या टोकाला लागतं, आणि गाडी उलट्या तोंडाने निघते. नवख्या प्रवाशाला वाटतं, आपण परत चाललो. तो खिडकीतून बोंब मारतो. मुरलेला प्रवासी तेवढ्यात वडापाव खाऊन घेतो. आप्पांकडून फाइल अशीच उलट्या तोंडाने बाहेर पडते, 'मा. ताईंच्या माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी सविनय परत' असा शेरा घेऊन, आणि तरी मुक्कामाला पोहोचते. अलीकडे दौंडला कॉर्ड लाइन झाली आणि काही गाड्यांचा हा खटाटोप वाचला. मुख्यालयातही एका नव्या, एमएसडब्ल्यू झालेल्या समन्वयकाने अशी कॉर्ड लाइन काढून पाहिली. सरळ ताईंना व्हॉट्सॲप केलं, ताईंनी अंगठा दाखवला, याने छत्तीस सतरंज्या खरेदी केल्या. कोटेशन नाही, ठराव नाही, साठा नोंद नाही. त्या सतरंज्या संस्थेत आहेत, बायका त्यांच्यावर बसतात, पण आप्पांच्या लेखी त्या अजून आलेल्या नाहीत.

फेब्रुवारीत पगाराच्या दिवशी मुख्यालयात गडबड होते. व्यवसाय कर दरमहा २०० रुपये कापला जातो, फेब्रुवारीत ३००. आप्पा दरवर्षी फळ्यावर मांडून दाखवतात, अकरा महिने दोनशे, एक महिना तीनशे, वर्षाचे २,५००. सगळे मान डोलावतात. पुढच्या फेब्रुवारीत तेच सगळे पुन्हा येतात, "आप्पा, शंभर कुठं गेले?"

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसांच्या कार्यालयात अंतर्गत समिती लागते आणि तिच्यावर बाहेरची एक जाणकार व्यक्ती. आमच्या ताई शेजारच्या संस्थेच्या समितीवर बाहेरच्या, त्यांच्या ताई दौंडच्या संस्थेवर, दौंडच्या ताई आमच्यावर. या सगळ्या ताईंच्या बैठकांच्या तारखा एकमेकींवर आदळू नयेत म्हणून तिन्ही मुख्यालयांतले आप्पा आपसांत फोनवर बोलत असतात. या भागात स्वयंसेवी संस्थांचं खरंखुरं जाळं कोणतं असेल तर ते हे.

दौंडची शाखा म्हणजे स्टेशनकडची एक खोली आणि एक लोखंडी कपाट. तिथे राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेले एक जमादार मदतनीस आहेत. दौंडला राखीव दलाचे गट असल्यामुळे अशी माणसं मिळतात. आप्पांना आयुष्यात नियमाच्या बाबतीत एकच माणूस भारी भेटला, तो हा. आप्पा अचानक तपासणीला गेले तेव्हा जमादारांनी त्यांना दारात थांबवलं आणि ओळखपत्र मागितलं. आप्पांनी सगळ्यांची ओळखपत्रं केली होती, स्वतःचं राहिलं होतं. ते आल्या पावली परत आले आणि आठवडाभर खुशीत होते.

इथवर वाचून आप्पा म्हणजे नुसता अडवणारा माणूस असं कुणाला वाटलं असेल, तर त्याला मी बालवाडीतल्या मावशींची गोष्ट सांगतो.

मावशी केडगाव भागातल्या एका बालवाडीत मदतनीस. पोरांची नाकं पुसत म्हाताऱ्या झाल्या. थांबायची वेळ आली तेव्हा पीएफचे पैसे काढायचे होते. आधारवर त्यांचं माहेरचं नाव, बँकेत सासरचं, पीएफच्या खात्यात माहेरचं नाव आणि सासरचं आडनाव. जन्मतारीख तिन्हीकडे तीन. आप्पांनी तिन्ही कागद टेबलावर मांडले आणि म्हणाले, "मावशी, कागदावर तुम्ही तीन बाया आहात. तिघींना एक केल्याशिवाय पैसे निघत नाहीत."

"करा की मग एक. मी तर एकटीच हाय."

जन्म कधीचा? शाळेत गेल्या नाहीत, दाखला नाही. आई सांगायची, पानशेत फुटलं त्याच्या आदल्या सालचा. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, म्हणजे साल १९६०. आप्पांनी ते लिहून घेतलं. आधारवर १ जून होती. आपल्याकडे अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला आहे, त्यामुळे त्या तारखेवर आप्पांनी वेळ घालवला नाही. तहसीलच्या आवारात जाऊन टायपिस्टकडून प्रतिज्ञापत्र, लग्नानंतरच्या नावासाठी राजपत्राचा अर्ज, संस्था आणि कर्मचारी यांचं संयुक्त घोषणापत्र, त्यावर गोल शिक्का, आडवा शिक्का. एक अर्ज नाकारला गेला कारण स्कॅन फिकट आलं. दुसरा गेला कारण आडनावात वेलांटी दुसरी पडली. आप्पा प्रत्येक वेळी नवी प्रत काढायचे, जुनीवर 'रद्द' लिहून फाइलला लावायचे, आणि मावशींना फोन करून सांगायचे, "दोन बाया एक झाल्या. आता एकच राहिलीय."

हे काम टाइमशीटमध्ये कोणत्या प्रकल्पात बसत नव्हतं, कारण मावशींचा प्रकल्प तोवर बंद झाला होता. आप्पांनी ते सर्वसाधारण निधीच्या तीस टक्क्यांत लिहिलं.

पैसे मावशींच्या खात्यात जमा झाले त्या दिवशी मावशी नातवाबरोबर मोटारसायकलवर बसून पेढे घेऊन शिरूरला आल्या. आधी त्यांना रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागलं. नातवाने लिहिलं, खाली त्यांनी सही केली, एकाच नावाची. मग आप्पांनी धोरणातलं भेटवस्तूंचं कलम काढून वाचलं, पेढ्याचं मूल्य नगण्य आहे असा निष्कर्ष काढला, आणि दोन पेढे खाल्ले. एरवी त्यांना साखरेचं पथ्य आहे.

आप्पांना इतिहासाची आवड आहे, पण त्यांचा इतिहास वेगळा. केडगावच्या मुक्ती मिशनचा विषय निघाला की लोक पंडिता रमाबाईंबद्दल बोलतात आणि ते योग्यच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी मुली आणि बायका वाचवून आणल्या, १८९८ मध्ये मुक्ती सदन उभं केलं, बायकांच्या हाती छापखाना दिला, मराठी बायबल तिथेच छापलं. १९०० पर्यंत तिथे दीड हजार माणसं आणि शंभराच्या वर गुरं होती असं सांगतात. इथे आप्पा खुर्चीत पुढे सरकतात. "दीड हजार! रोजचा शिधा किती? सकाळी किती जेवल्या, आजारी किती, कुणाला किती लुगडी दिली, हे लिहिणारं कुणीतरी असणारच. त्याशिवाय दीड हजार ताटं लागत नाहीत. आणि शंभर गुरं. ती डेड स्टॉकला कशी धरायची? जिवंत आहेत." हा प्रश्न त्यांना खरोखर छळतो. संस्थेकडे एक गाय दान आली होती, तेव्हाही छळला होता.

इनामगावचंही तेच. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं, तीन हजार वर्षांच्याही मागची वस्ती सापडली. त्यात पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि शेजारी धान्याचं कोठार निघालं. संशोधक म्हणतात ते गावप्रमुखाचं घर असावं. आप्पांचं मत असं की प्रमुख कधी कोठाराजवळ राहत नसतो, प्रमुख दौऱ्यावर असतो. कोठाराशेजारी राहणारा माणूस दुसराच. संशोधकांनी हे मत अजून विचारात घेतलेलं नाही.

संस्थेतली तरणी पोरं टिकत नाहीत. रांजणगावला कंत्राटी कामगाराला सुद्धा इथल्यापेक्षा बरं मिळतं, कुरकुंभलाही मिळतं, वर कॅन्टीन आणि बस. पोरगं राजीनामा घेऊन येतं तेव्हा ताई त्याला ध्येयवादाबद्दल दोन शब्द सांगतात. आप्पा त्याला 'देणे नाही' प्रमाणपत्राचा कागद देतात. छत्री परत केली का, फ्लिप चार्टचा स्टँड कुठे आहे, दौंडच्या कपाटाची दुसरी किल्ली. पोरगं वैतागतं. मग आप्पा त्याचा यूएएन नंबर एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतात, "नव्या ठिकाणी हाच दे, दुसरा काढू देऊ नको," आणि वारसाच्या रकान्यात आईचं नाव घातलंय का ते तपासतात. घातलेलं नसतं. तिथल्या तिथे घालून घेतात. वर्षभराने ते पोरगं कंपनीच्या मोटारसायकल-कर्जाचा कागद समजत नाही म्हणून आप्पांकडेच येतं. येताना चहाची पावती घेऊन येतं, गमतीने. आप्पा ती फाइलला लावतात.

वार्षिक अहवालात आभाराचं पान असतं. देणगीदार, शासन, गावकरी, ग्रामदैवत, छायाचित्रकार, सगळे त्यात येतात. त्या पानाचा मसुदा आप्पा टाइप करतात, त्यामुळे त्यात आप्पांचं नाव यायचा प्रश्न नसतो. एकदा मी ते सुचवलं. आप्पा म्हणाले, "अहवालाचा खर्च कुठल्या सदराखाली पडतो माहीतय का? प्रशासन. एक ओळ वाढली की वीस टक्क्यांत वाढली."

तुम्हाला अशा एखाद्या संस्थेला देणगी द्यायची असेल तर जरूर द्या. यातला किती पैसा ऑफिसवर जातो असं विचारणारच असाल, तर तेही आप्पांनाच विचारा, पैशापैशाचा हिशेब मिळेल. येताना पॅन नंबर घेऊन या, त्याशिवाय पावती बनत नाही. दोन हजारांच्या वर रोख आणू नका, ८०जीची सवलत मिळत नाही. चेक संस्थेच्या पूर्ण नावाने लिहा, ताईंच्या नावाने नाही. आणि दुपारी एक ते दोन येऊ नका, तेव्हा आप्पा जेवतात आणि ती वेळ कुठल्याच प्रकल्पात बसत नाही.